टाकीतलं पाणी शंभर टक्के निर्जंतुक

२८ एप्रिल
मोहिनीचा फोन. हैदराबादला नोकरी लागली. पुण्यातली खोली सोडणार. तिचे दोन गोल्डफिश आहेत, लाडू आणि करंजी. ते आपल्याकडे ठेवता येतील का, असं तिने आईला विचारलं. आईला! गावाला पाणी सोडणारा, त्यात टीसीएल पावडर टाकून जंतू मारणारा, नळोनळी टेस्ट करत फिरणारा माणूस शेजारीच भाकरी खात होता. बायकोच्या, नंदाच्या हातातून फोन घेतला आणि जबाबदारी स्वीकारली.
हैदराबाद लांब आहे. पण मासे इथे म्हटल्यावर पोरीला येत राहावंच लागेल. हा मुद्दा नंदाला सांगितला नाही. बायका लगेच भावनेच्या आहारी जातात.

३० एप्रिल
मंचरहून काचेची टाकी आणली, फिल्टरसकट. दुकानदार गोकुळ वयाने लहान, पण सल्ले आजोबांचे. म्हणे टाकी भरा, फिल्टर चालू ठेवा आणि तीन-चार आठवडे थांबा. फिल्टरच्या स्पंजमध्ये चांगले जंतू तयार होतात, ते माशांच्या घाणीचा निकाल लावतात. चांगले जंतू! माझी हयात जंतू मारण्यात गेली, आता ते घरात पाळू? त्याला वाईट वाटू नये म्हणून मान डोलावली.

१ मे
महाराष्ट्र दिन. झेंडावंदन करून टाकी भरली. नळीत पाणी घेतलं, वर क्लोरीन तपासायच्या औषधाचे दोन थेंब. रंग फिका पिवळा, म्हणजे क्लोरीन कमी. गावाला चालेल, मोहिनीच्या माशांना नाही. चिमूटभर टीसीएल टाकली. पुन्हा टेस्ट. हळदीसारखा पिवळा! पाणी पास.
घराला दवाखान्याचा वास येतोय, असं नंदा म्हणाली. हीच तर पावती.

५ मे
संकल्प : रोज सकाळी टेस्ट, रोज चिमूट, रोज नोंद. (मधले दिवस नोंद राहिली. लग्नं होती.)
शेजारचे म्हस्कूबाबा शेतात मेंढरं बसवून आले. टाकीसमोर बराच वेळ उकिडवे बसले. मग म्हणाले, राव, समदं झ्याक हाय, पर मासं कुटं हायेत? त्यांना समजावलं, आधी पाणी, मग मासे. त्यावर म्हणाले, आमी मेंढरं राखतो, तुमी नुसतं पाणीच राखताय व्हय. अडाणी माणूस. पण चहा घेऊन गेले.

९ मे
तपासणीस म्हणून गोकुळकडून एक गप्पी मासा आणला. सकाळी सोडला. दुपारी आडवा.
गोकुळला फोन केला. पाण्यात काही टाकलं का, असं त्याने विचारलं. काही नाही, फक्त पावडर, असं सांगितलं. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.
मासा मुळातच अशक्त असणार. त्यात मंचरपासूनचे धक्के. नंदाने तो कढीपत्त्याच्या बुडाशी पुरला. पाणी पाजलं का फिनेल, असं पुटपुटत होती.

१३ मे
मोहिनीचा फोन. पाणी कसं आहे विचारत होती. म्हटलं, असं पाणी तालुक्यात नाही. गप्पीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. नंदा फोनसाठी हात पुढे करत होती. तिला दूध उतू जातंय म्हणून आत पाठवलं.

१७ मे
मोहिनी आली. एसटीत अख्खा रस्ता मासे मांडीवर. आल्या आल्या टाकीवर वाकली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. कपाळाला हात लावला. दमली असणार.
मग माझं सगळं पाणी मोरीत ओतून दिलं! टाकी धुतली, विहिरीचं पाणी भरलं. मैत्रिणीच्या, शीलाच्या, जुन्या टाकीतला स्पंज आणला होता, तो फिल्टरमध्ये बसवला आणि मासे सोडले. स्पंज कसला, काळा, बुळबुळीत, गटारातून काढल्यासारखा. म्हणाली, बाबा, आता कशालाही हात लावू नका. बुधवारी तिची गाडी आहे.
हात लावणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

१८ मे, पहाटे
टाकीला हात लावलेला नाही. फक्त स्पंज काढला. बादलीत टीसीएलचं पाणी करून नीट चोळून धुतला. नव्यासारखा निघाला! पिळून परत बसवला. उठली की खूश होईल.

१८ मे, दुपार
खूश झाली नाही. लाडू-करंजी वर येऊन तोंडं उघडत होते. तिने त्यांना विहिरीच्या पाण्याच्या बादलीत हलवलं. कुणी केलं, असं विचारलं. मी हात वर केला. ओरडली असती तर बरं झालं असतं. पायरीवर बसली आणि म्हणाली, बाबा, ह्यांना शीलाकडे देते, तुम्हाला त्रास नको.
म्हटलं, तुझी सोय बघ. जेवलो नाही. उकाडा फार.
नंदा जवळ येऊन म्हणाली, आवं, पोरगी येत ऱ्हावी म्हणून केलंत ना समदं? मग तसं सांगा की तिला. म्हटलं, असलं काही नाही. धुताना पावडर डोळ्यांत गेली, एवढंच.

१९ मे
सहज मंचरला गेलो. गोकुळचं दुकान उघडायच्या आधी पोचलो, तोही योगायोग. वापरातला स्पंज मागितला. कसा पाहिजे, म्हणाला. असेल त्यातला सगळ्यात घाण, असं सांगितलं. तोवर गिऱ्हाईकं जमली होती, म्हणून त्याने मुद्दाम ऐकू न आल्यासारखं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.
जीपमध्ये पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. पावणं, काय मेलंय का त्यात? म्हटलं, बाई, सगळे जिवंत आहेत, जरा सरकून बसा.
मोहिनीने पिशवी उघडली आणि हसत सुटली. टाकीत पुन्हा ताजं पाणी, नवा घाण स्पंज. मासे इथेच राहणार. टीसीएलचा डबा घरात ठेवायचा नाही, असा संकल्प केला. लगेच ग्रामपंचायतीत नेऊन ठेवला. नंदा शेवटपर्यंत सोबत होती.

२० मे
मोहिनीला पेठच्या फाट्यावर गाडीत बसवलं. माशांचं सगळं आईला शिकवून गेली. वरची देखरेख माझ्याकडे. फक्त दोन हात लांबून करायची.

७ जून
रोज संध्याकाळी हैदराबादहून व्हिडिओ कॉल. नंदा खाणं टाकते, मी फोन धरतो. म्हणजे माझ्याशिवाय कॉल होऊच शकत नाही. आज मोहिनीने दिवाळीची वाट बघत नाही, पुढच्या महिन्यातच येते, असं माशांना सांगितलं. योजना तंतोतंत यशस्वी.
लाडूशी बोलून झालं, करंजीशी झालं, आईशी झालं. मग तिने हाक मारली, बाबा! मी दाढीवरून हात फिरवला, फोन तोंडासमोर धरला, म्हटलं, बोल बाळा.
कॅमेऱ्यावरचं बोट काढा म्हणाली, करंजी दिसत नाही.