तीनदा उघडलेलं झाकण

गुरुवार, संध्याकाळ. अल मजाज.

लेकीने आज त्या इंग्लिश बँडचं तिकीट काढलं. अबू धाबीला मोठ्या मैदानात कार्यक्रम आहे. "डॅडी, दे आर ह्यूज," म्हणाली. मी हो म्हटलं आणि उगाच बाल्कनीत गेलो.

हीच चार पोरं बारा वर्षांपूर्वी आमच्या हॉटेलात शुक्रवारच्या ब्रंचला वाजवत होती. गिटार नावालाच, सगळी गाणी पियानोवर. पाहुणे कुरकुरायला लागले. बँक्वेट मॅनेजर मी. जाऊन पियानोचं वरचं झाकण लावलं. "हबीबी, हळू. लोक जेवतायत." गाणाऱ्याने ते उघडलं. मी परत लावलं. त्याने परत उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा खलास, चौघांना घरी पाठवलं.

लेकीला सांगू का? हसेल. पण मला का टोचतंय? माझं कामच होतं ते. चहा दोनदा गरम केला, प्यालो नाही. ते झाकणच डोळ्यांसमोर येतंय.

वसईला चर्चमध्ये मी ऑर्गन वाजवायचो. चांगला वाजवायचो, सगळे म्हणायचे. एका रविवारी फादर म्हणाले, "जरा हळू वाजव, बाळा."

मी एकदाच सांगितल्यावर ऐकलं होतं.