तेल परत

चिरंजीव शालकमहाशयांस,

सस्नेह आशीर्वाद. (स्नेह या शब्दाचा एक अर्थ प्रेम आणि दुसरा तेल. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात दिसतो आहे तो दुसरा. पहिल्याचा साठा माझ्याकडे सध्या कमी आहे.) तुझी कंबर कशी आहे? परगावची खोली मानवली का? नव्या वर्कशॉपातले साहेब तुझं ऐकून घेतात, की तेही तुझ्या ताईसारखेच आहेत? इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. वस्तुस्थिती पुढे.

तुझं पार्सल शाळेच्या पत्त्यावर पोहोचलं. ‘भावोजी, ताईला कळू देऊ नका’ हे तू आतल्या कागदावर न लिहिता खोक्यावरच लिहिलंस, तेही ठळक. त्यामुळे ते ताई सोडून सगळ्यांना कळलं आणि हेडबाईंनी मला बाजूला बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी म्हणालो, ट्रकच्या इंजिनाचं आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही अजून बसत नाही.

उन्हाळ्यात तुमच्या वडिलांच्या ट्रकवरून तुम्ही बहीणभाऊ भांडलात, तू बॅग उचलून चालता झालास आणि मागे दोन अवजड वस्तू उरल्या : अंगणात ट्रक आणि घरात मी. ताईचं म्हणणं, चालवणारा गेला, इंजिनही थकलं, आता भंगारात द्यावा. तुझं म्हणणं, तेल स्वच्छ राहिलं तर इंजिन आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. शनिवारी भंगारवाला येतोय असं मी तुला फोनवर कळवलं, तर तू उत्तरादाखल हा नळ्यांचा आणि नटबोल्टांचा संसार पाठवून दिलास. ठरलं असं की शनिवारी सकाळी ही तेलाची जादा गाळणी बसवायची, भंगारवाल्यासमोर इंजिन मांजरासारखं गुरगुरवायचं आणि ताईचं मन वळवायचं. (योजना तुझी. याची मी पुढेही अधूनमधून आठवण करून देणार आहे.)

मेकॅनिक म्हणून तुझ्या भरवशाचे ‘डॉक्टर’ आले. सगळे त्यांना डॉक्टर का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं : रोग्याच्या नातेवाइकांना ते काहीच स्पष्ट सांगत नाहीत. गाळणी बसवायचं पत्रक इंग्रजीत होतं, ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “गुरुजी, हे तुमचं खातं.” मी पायरीवर बसलो, मांडीवर माझा इंग्रजी-संस्कृत कोश घेतला आणि अनुवादाला लागलो. विषय रम्य आहे, खोटं कशाला बोलू. इंजिनाची मूळ गाळणी म्हणजे आमच्या शाळेचा शिपाई. फाटकातून पळणारा दांडगा मुलगा तेवढा त्याला दिसतो. तुझी नवी गाळणी म्हणजे हेडबाई. थोडं थोडं तेल बाजूला बोलावून घेते, बारीकसारीक सगळं काढून घेते आणि निमूट झालेलं तेल परत वर्गात पाठवते. म्हणजे नळ्या दोन, एक तेल नेणारी आणि एक आणून सोडणारी. दुसरी नळी इंजिनात तेल ओततो त्या तोंडाशीच जोडायची होती. गोंधळ नको म्हणून मी दोन्ही जागी चिठ्ठ्या बांधल्या, माझ्या त्या प्रसिद्ध वळणदार अक्षरात. पहिलीवर लिहिलं ‘तेल इथून’. दुसरीवर लिहिलं ‘तेल परत’.

इथेच घात झाला. मी चहा सांगायला आत गेलो. डॉक्टरांनी सकाळीच नवं तेल खुणेपर्यंत भरलं होतं. आता तोंडापाशी चिठ्ठी दिसली, ‘तेल परत’. माणूस आज्ञाधारक. गुरुजींनी लिहिलंय तर नव्या गाळणीला जास्त लागत असेल, म्हणून त्यांनी आणखी एक अख्खा डबा ओतला. परत! बत्तीस वर्षं मी मुलांना श्लेष शिकवतो आहे, पण श्लेषाला धूर येतो हे मला ठाऊक नव्हतं.

भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी लागला, ताई बाहेर आली आणि डॉक्टरांनी किल्ली फिरवली. क्षणभर इंजिन गुरगुरलं, अगदी ठरल्याप्रमाणे. मग गळ्यापर्यंत भरलेल्या त्या पोटात तेलाला फेस आला, फेस वर चढून हवेच्या नळीत शिरला आणि इंजिन डिझेलऐवजी स्वतःचंच तेल पिऊ लागलं. ते ओरडायला लागलं. डॉक्टरांनी किल्ली काढली. इंजिनाने दखल घेतली नाही. त्यांनी डिझेल तोडलं. इंजिन आणखी खूश झालं. निळ्यापांढऱ्या धुरात शेजारघर दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, लांब व्हा,” आणि माझ्याआधी लांब झाले.

तुझी ताई तेवढी जवळ गेली. हवेचा फिल्टर धुवायला काढलेला, नळीचं तोंड उघडं. तिने पायरीवरचा माझा कोश उचलला आणि दोन्ही हातांनी त्या तोंडावर दाबून धरला. इंजिनाने श्वास ओढला, पुठ्ठा आत ओढला गेला, ट्रक गदागदा हलला आणि शांत झाला. शब्दांत सामर्थ्य असतं असं मी म्हणायचो तेव्हा तुम्ही दोघं हसायचात, हे नोंदवून ठेवतो.

भंगारवाला खोकत खोकत पुढे आला. “बरं झालं ताई, गेलं एकदाचं. आता वजनावर घेतो.” ताईचं तोंड काळंनिळं, हातात ठिबकणारा कोश. म्हणाली, “गेलं? थांबवता थांबत नव्हतं ते! असलं इंजिन कोणी भंगारात देतं का? व्हा बाहेर.”

यात तुझा विजय पाहू नकोस. विकला जाणार नाही आणि चालूही होणार नाही, असा ट्रक आता अंगणात उभा आहे. पायरीपर्यंत तेल आहे. डॉक्टर म्हणतात, मालक, म्हणजे तू, समोर असल्याशिवाय इंजिनाला हात लावणार नाही. ताई त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. फडकं घेऊन ट्रक पुसत असते, स्टिअरिंगवरची वडिलांच्या मुठीने गुळगुळीत झालेली जागा सोडून. काल मी धीर करून विचारलं, भावाला काय कळवू? तर म्हणाली, “कळवा काय कळवायचं ते.” हा होकार की नकार, कोणत्याही कोशात सापडत नाही, आणि माझ्या कोशात तर आता काहीच सापडत नाही. मी हरलो आहे.

तुझा तैलस्नात,
भावोजी

ता. क. : जमल्यास नवा कोश पाठव. खोक्यावर काही लिहू नकोस.

ता. क. २ : खरं मागणं वेगळं आहे. कोश नको. तू ये. मालक म्हणून नाही, भाऊ म्हणून. तिला बोलता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही, या दोहोंच्या मध्ये कोणीतरी हवं.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार तोच खिडकीची तावदानं थरथरली. बाहेर जाऊन पाहतो तर तुझ्या ताईने जादा तेल स्वतःच खुणेपर्यंत उतरवलं आहे, हवेची नळी पुसून काढली आहे आणि ट्रक चालू आहे. गुरगुरतो आहे. वरचा सगळा विलाप रद्द समजावा, तुला दिलेले टोमणे कायम. नळीला बांधलेली माझी चिठ्ठी तिने सोडून आणली आणि पाकिटात घालायला दिली. सोबत जोडली आहे. ‘तेल’ खोडलं आहे, ‘परत’ तसंच ठेवलं आहे. पुढे तिने स्वतःच्या हाताने एकच अक्षर लिहिलं आहे, आणि ते वाचायला कोश लागत नाही.