कच्च्या टाक्यांचा पडदा

प्रिय ढब्बू,

तुझा मेसेज मिळाला. आई, फ्रेश स्टार्ट करतोय, सोमवारी किक-ऑफ. खाली फुग्यांचं चित्र. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजात मला धड भांडता येत नाही, अंगठा दुखतो, म्हणून कागद घेतला. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. एका जागी बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठायची तुझी खोड मला माहीत आहे.

किक-ऑफ म्हणजे काय, ते तुझ्या बायकोला विचारलं. ती लेकीला पाजत होती. म्हणाली, फुटबॉल सुरू होताना मारतात ती पहिली लाथ. मी म्हटलं, मग बरोबर आहे, ती आपल्यालाच बसली. एरवी अशा बोलण्यावर ती खो-खो हसते. या वेळी मान वर केली नाही. मुलगी महिन्याची होत आली ढब्बू, आणि तिच्या बापाने तिला अजून नुसतं फोनच्या काचेतूनच पाहिलंय. सगळा राग त्याचा आहे. बाकीचं मी लिहिते ते नमनाला घडाभर तेल समज.

किती शब्द रे तुझ्याकडे सुरुवातीला! मोबाइलच्या कव्हरांचं दुकान काढलंस ते ग्रँड ओपनिंग. ते बसल्यावर जुन्या गाड्यांचा धंदा, तेव्हा म्हणालास, आई, आता फ्रॉम स्क्रॅच. मला वाटलं गाडीला ओरखडा पडलाय. मग कसलंसं सॉफ्ट लाँच, म्हणजे ज्यात पाहुणेसुद्धा येत नाहीत. मग रीस्टार्ट. दर वेळी नवा शर्ट, नवं कार्ड, नवा भागीदार, आणि वर्ष उलटायच्या आत पहिले पाढे पंचावन्न. तुझे बाबा होते तेव्हा त्यांना एकच शब्द पुरायचा, आरंभशूर. ते हसत म्हणायचे आणि मी त्यांच्यावर डाफरायची, पोराला नाट लावू नका म्हणून. आता ते नाहीत, तर मीच म्हणते, आणि मला हसू येत नाही.

आपल्या पडद्यांच्या कामातही तू हे केलंसच. आपल्याकडे पडदा कापला, शिवला, की खालची दुमड कच्च्या टाक्यांवर ठेवतो आणि तसाच टांगतो. आठवडाभर लटकू देतो. कापड आपल्याच वजनाने उतरतं, कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. मग ज्याने कापलं त्यानेच परत जायचं, गुडघ्यावर बसायचं आणि दुमड पक्की करायची. यात अक्कल नाही लागत, परत जावं लागतं. तू त्या हॉटेलच्या हॉलचे पडदे एका दिवसात पक्के करून मोकळा झालास. का, तर त्यांचं ओपनिंग होतं आणि तुला फोटोत यायचं होतं. फोटो झकास आला. आठ दिवसांत पडदे लोळायला लागले आणि मॅनेजर मला फोनवर म्हणाला, बाई, तुम्ही पडदे दिलेत की पोछे? तू तेव्हा दुसऱ्या गावात स्क्रॅचमध्ये होतास. मी आणि तुझी बायको खुर्च्यांखाली शिरून उसवत बसलो. लग्नाला दोन महिने झाले होते तिच्या. तिच्या बोटात सुई घुसली तेव्हा तिने एक इंग्रजी शब्द काढला. तो सुरुवातीचा नव्हता.

तिचं पोट दुखायला लागलं तेही कापायच्या टेबलाशीच. कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, आई, सुरू झालं. बघ, एवढाच शब्द. त्याला फुगे नाहीत, रिबीन नाही. रिक्षातून तुला फोन लावला, हॉस्पिटलातून लावला, ती आत ओरडत होती तेव्हा लावला. मग तुझा मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे, आज डे वन आहे. अरे मेल्या, डे वन तिचाही होता! आणि मुलगी झाल्याचं कळवलं तर काय पाठवलंस, न्यू बिगिनिंग, आणि पुन्हा तेच फुगे. दवाखान्यातली आया विचारत होती, बाळाचे बाबा कुठे आहेत? मी म्हटलं, सुरुवात करायला गेलेत.

आता हे पत्र का, ते ऐक. आज सकाळी तुझ्या बायकोने बॅग भरली. भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, आई, तुमच्यावर राग नाही, पण मी माहेरी जाते आणि तिकडेच राहते. मला आता यांचं काही सुरू व्हायला नकोय. मी तिला कुठल्या तोंडाने अडवू? पण ती जाणार म्हणजे ती चिमणी जाणार, आणि ती माझं बोट धरून झोपते रे. मग माझ्या तोंडाला आलं ते बोलले. बाळाच्या खोलीतला पडदा दाखवला. जायच्या आधी तूच कापलास तो, पिवळा, आठवतो का? कच्च्या टाक्यांवरच लटकतोय. पार उतरलाय, जमीन झाडतोय. मी म्हटलं, याची दुमड होईपर्यंत थांब. मी करणार नाही, तूही करायची नाहीस, ज्याने कापलाय तो येईल. तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आणि नाही आला तर? मी म्हटलं, तर मीच टाके उसवते, पडदा तुझ्या बॅगेत घालते आणि गाडीत बसवून देते. तिने बॅग पलंगाखाली सरकवली. उघडली नाही, नुसती सरकवली. तेव्हा सोमवारी तुझी लाथ दुसऱ्या कोणाला तरी मारू दे. केक आणू नकोस, फुगे आणू नकोस, तोंडातून इंग्रजी काढू नकोस. दाराशी चपला काढ, गुडघ्यावर बस. सुईत दोरा मी ओवून ठेवलाय.

तुझीच, अजून तरी,
आई