कुठल्या डोळ्यातलं पाणी

पार्सिपनी, शुक्रवार, १२ मार्च २००४

लेख उद्या पुण्याला जायचा आहे आणि माझा त्या बाईवर विश्वास बसत नाही. ज्यूंच्या यिडिश भाषेतल्या नाटकांत आयुष्यभर राण्या आणि विधवा रंगवलेली नटी, आता इथल्या वृद्धाश्रमात. बुधवारी पोलंडच्या बंदरावर आईचा निरोप घेतल्याचं सांगताना रडली. पण फक्त डाव्या डोळ्यातून. मी डावीकडेच बसलो होतो. अश्रू हा सात्त्विक भाव, तो बोलावून येत नाही, असं संस्कृतच्या तासाला घोकलं होतं. इथे तो बाजू बघून येतो की काय?

म्हणून आज मुद्दाम उजवीकडे बसलो. तेच बंदर, तेच वाक्य, आणि पाणी उजव्या डोळ्यात.

मला तिथे गाडीने नेणाऱ्या मालतीकाकू पुटपुटल्या, "अहो, नव्वदीच्या बाईचे डोळे कसले तपासता? चष्मा विकायचाय का तिला?"

तरी विचारलंच. "बाई, परवा डावा डोळा रडला होता."

"परवा तुम्ही तिकडे बसला होतात, डार्लिंग. प्रेक्षकाला दिसायला नको?"

"मग आईसुद्धा नाटकातलीच?"

ती हसायची थांबली. "आई खरी. बंदरावर आम्ही दोघीही रडलो नाही. वर्षभरात भेटू असं वाटलं होतं. मग युद्ध सुरू झालं."

हे सांगताना तिचे दोन्ही डोळे कोरडे होते. रुमाल काकूंनी काढला.

लेखातले अश्रू आत्ताच खोडले. आई ठेवली.