आईनं खाली घेतलेलं शिंकं

ढोकी, मंगळवार, संध्याकाळ

म्हातारपणी माणसाची उंची जाते कुठं? परवा माझ्याकडून मुरुमला तिच्या घरी परतण्याआधी आईचा हात दह्याच्या शिंक्याला पुरेना. "मास्तर, तुझं घर वाढलं व्हय रं?" म्हणत तिनं दोरी लांबवली. मी कॉलेजात रंगून शिकवतो: पाळी थांबल्यावर स्त्रीचं संप्रेरक आटतं, गळ्यातल्या ग्रंथींच्या संप्रेरकाचा हाडांवर जोर चालतो, हाड बांधणाऱ्या पेशींच्या आतलं धाग्यांचं जाळं विस्कटतं, पेशी आकसतात, झीज भरत नाही, मणके खचतात. आणि घरात? मला काहीच दिसलं नाही.

रिकाम्या घरात शिंकं कपाळाला लागतं. वर बांधवत नाही.

रविवारी मुरुमला जाईन. आईच्या पसरलेल्या हातांच्या बोटांपासून बोटांपर्यंत दोरा मापायचा, मग तोच टाचेपासून डोक्यापर्यंत. तरुणपणी दोन्ही मापं जवळपास सारखी. उरेल तो दोरा म्हणजे गेलेली उंची. हे माप एकट्याला घेता येत नाही.