खुंटाची फुलं

१४ ऑक्टोबर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मायन्यावरच दोन कागद वाया गेले. बाबांनी ठेवलेलं तुझं लाडाचं नाव माझ्या हातून उमटेना, आणि पूर्ण नाव लिहिलं की बँकेचं पत्र वाटायला लागलं. तेव्हा हे चालवून घे.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. वरच्या खोलीचं छत गळायचं थांबलं. बाबांचे कपडे देऊन झाले. चष्मा आणि घड्याळ तुझ्यासाठी खणात ठेवलंय.

तुझ्या आईचं कॅमेलियाचं झाड न्यायला पुढच्या महिन्यात येणार म्हणतेस. जरूर ये. शेजारणीने तुला पाठवलेला फोटो आत्ताचाच आहे. झाड लगडलंय. फुलं फिकी गुलाबी, एकेरी पाकळ्यांची, वास असून नसल्यासारखा. पाकळ्या सुट्ट्या होऊन गळतात, त्यामुळे सकाळी मला पायवाट झाडावी लागते.

बहर ओसरल्याशिवाय हलवायचं नाही. मुळांभोवती मातीचा चांगला दोन हात रुंद गड्डा ठेवून गोणपाटात आवळून बांधायचा. तुझ्या अंगणात बांधकामाचा चुना मिसळलेली माती असेल तर ती आधी काढून टाक, चुना या झाडाला सोसत नाही. नळापेक्षा पावसाचं साठवलेलं पाणी बरं. उन्हाळा सरताना कळ्या धरतात, तेव्हा माती सुकली की कळ्या गळून पडतात. छाटणी करायची तर फुलं संपल्या संपल्या, उशीर केलास तर पुढच्या वर्षाचा बहरच कापशील. मी पाणी मापाच्या बाटलीने घालते. रोपवाटिकेवाले काका म्हणायचे, "बाई, झाडाला पाणी घालताय की डोस देताय?" औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय येणार.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळींबद्दल. तू लिहिलंस, "मला लाल फुलं आठवतात. आई खाली पडलेली अख्खी फुलं उचलून ताटलीतल्या पाण्यावर सोडायची. पण बाबा फोनवर म्हणाले, नेहमी गुलाबीच होती. मी सात वर्षांची होते, माझीच काहीतरी गल्लत होत असेल."

या ओळींना उत्तर द्यायचं चार दिवस टाळलं. पण ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं.

मी लग्न होऊन या घरात आले तोवर तुला मावशीने नेलं होतं. तू यायचीस ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे झाडाला नुसती पानं असायची तेव्हा. मला काकू म्हणायचीस, शेजारणीला म्हणतात तसं. त्याबद्दल तक्रार नाही. मीही तुला कधी जवळ बोलावलं नव्हतं.

झाड आमच्या खोलीच्या खिडकीसमोर. ते कलम होतं, खाली एका जातीचा खुंट आणि वर बांधलेली दुसरी जात. वरची जात थंडी सरताना फुलायची. त्या दिवसांत बाबा सकाळचा चहा घेऊन तिथे उभे राहायचे. कप रिकामा झाला तरी उभेच. मी आतून बघायचे.

तिसऱ्या वर्षी एक फांदी वाळली. रोपवाटिकेवाल्या काकांनी सांगितलं, रोग आहे, वीतभर खालून कापा आणि कात्री स्पिरिटने पुसा, नाहीतर पसरेल. बाबा कामासाठी गावोगाव हिंडत होते, झाड माझ्यावर सोपवलेलं. स्पिरिट घरात होतं, कात्रीही होती. आज नको, उद्या करू, असं करत मी अख्खा मोसम घालवला. पुढे खालून खुंटाला धुमारे फुटले. काका म्हणाले, हे खुडा, नाहीतर वरचं उपाशी मरेल. तेही मी खुडले नाहीत. याला आळस म्हणता आलं असतं तर बरं होतं. मला ते झाड मेलेलं हवं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांत वरचं गेलं. वाळलेलं लाकूड मीच कापलं. उरला तो खुंट, त्याची जात वेगळी, तो शरदात फुलतो. पहिल्यांदा फुलला तेव्हा बाबा चहा घेऊन बाहेर गेले, बघितलं, आणि आत येऊन म्हणाले, "यंदा लवकर आलं." एवढंच. पुन्हा वीस वर्षांत त्या झाडाचा विषय नाही. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. दोघंही मूग गिळून बसलो. त्यानंतर मी झाडाची एक दिवस हयगय केली नाही, पण ती उशिराची अक्कल.

ते तुला फोनवर जे बोलले ते मी शेजारी बसून ऐकत होते. मला झाकायला म्हणून त्यांनी तुझी आठवण खोटी पाडली, आणि मी ती पाडू दिली. झाडापेक्षा मला हे जास्त लागलंय. तीस वर्षांत एका बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली नाही, आणि घरात हे केलं.

आता न्यायचं की नाही ते तू बघ. मुळं आईने लावली तीच आहेत, इतकं खरं आहे. त्याहून जास्त मी सांगणार नाही, कारण ते माझ्या सोयीचं होईल.

आईची ती पांढरी, निळ्या काठाची ताटली इतकी वर्षं माझ्या कुंडीखाली होती. काल घासली. काठाला एक टवका उडालाय, तो मी यायच्या आधीचा. ती चष्म्याशेजारी ठेवली आहे.

तुझी गल्लत होत नाही. फुलं लाल होती, पाकळ्यांचा बोटभर जाड गठ्ठा, आणि पडायची ती अख्खी. मी तीन वर्षं पाहिली आहेत.

आशीर्वाद वर लिहून टाकलेत. ते घ्यायचे की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर ठरव.

काकू