वल्ह्यावरचे गडी

मंगळवार, ८ जुलै

किळस आली. दुसरा शब्द नाही!

सहावीच्या मुलांसाठी माल्टा बेटाचा धडा लिहितेय, मोबाइलवर ऐकायचा. सेंट जॉनचे सरदार म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे. अडीचशेहून जास्त वर्षं तिथे राज्य केलं. गरिबीची शपथ, ब्रह्मचर्याची शपथ. मोठं रुग्णालय, रोग्यांना चांदीच्या ताटात जेवण, आणि रोग्यांना म्हणायचे काय, तर "आमचे धनी". काल हे वाचून माझे डोळे भरून आले होते.

आज पुढचं वाचलं. त्याच बंदरात त्यांची जहाजं, आणि वल्ह्यांना साखळीने बांधलेली माणसं. बरीचशी मुसलमान, समुद्रावर पकडून आणलेली. बाजारात विकायचीसुद्धा. सकाळी रोग्याला धनी म्हणायचं आणि दुपारी माणूस विकायचा — एकाच तोंडाने!

बुधवार, ९ जुलै

लिहून टाकलं. "गुलाम" असंच लिहिलं.

गुरुवार, १० जुलै

श्रीरंगने धडा वाचला. आमचा टीम लीड, पुण्याचा. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. चांदीची ताटं त्याला फार आवडली. "गुलाम" नको म्हणाला, मुलं दचकतील, पालक मेल करतील. मग स्वतःवरच खूश होऊन म्हणाला, "'वल्ही मारणारे गडी' कर ना. मस्त मातीतला शब्द आहे, फील येतो."

गडी! याच्या डोक्यात कबड्डीचे गडी. माझे बाबा जन्मभर निपाणीजवळच्या एका मळ्यात सालगडी. पाडव्याला वर्षाची बोली करायची, मग ते वर्ष आपलं नाही. तरीही बाबांच्या पायात साखळी नव्हती. हे दोन शब्द एकाच टोपलीत टाकवतात कसे?

बाबांचं सांगितलं नाही त्याला. म्हणाला असता, वा, मग तुला तर फील आहेच.

शुक्रवार, ११ जुलै

पुन्हा गेले भांडायला. त्याने कॉफी मागवली. "तू ना, फार मनाला लावून घेतेस," एवढंच. गुलामाला सोडून जाता येत नाही हो, गड्याला निदान पुढच्या पाडव्याला येतं, असं मी म्हणत राहिले. तो मान हलवत राहिला. कॉफी चांगली होती. त्याचाही राग आला.

सिद्धी धड्यांना आवाज देते. तिने दुपारीच "गडी" म्हणून रेकॉर्ड केलं, अगदी लाडात, ठेका धरून. वर मला विचारते, "तुझं प्रोबेशन याच महिन्यात संपतंय ना? मग सॉरी म्हण आणि सोड."

शुक्रवार, १८ जुलै

धडा मोबाइलवर आला. शेवटी "लेखन" म्हणून माझं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. ऐकून अंगावर काटा आला. घरात मी पहिली शिकलेली, ती खोटं लिहायला?

राजीनामा टाईप करून ठेवलाय. कारणही स्पष्ट लिहिलंय. सोमवारी देणार. आणि घरी सगळ्यांना सांगणार की तो शब्द खोटा आहे.

रविवार, २० जुलै

बाबांचा फोन. धाकट्या बहिणीने, वीणाने त्यांना धडा ऐकवला, त्यांनी परत लावायला लावला म्हणे.

"एवढ्या मोठ्या सरदारांच्या जहाजावर बी आपल्यासारखं गडीच हुतं म्हण की," बाबा म्हणाले. "पुस्तकात आलंय आपलं नाव. खरं हाय काय गं?"

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"होय बाबा," मी म्हणाले. "गडीच होते."